कवटीच्या तळातला घाट

खंडाळ्याला गेलं की नागफणीचा सुळका समोर उभा असतो. 2010 च्या पावसाळ्यानंतर माझे थोरले चुलतभाऊ, ज्यांना आम्ही सगळे भाईजान म्हणतो, एक दिवस म्हणाले, "मला नागफणी दोन दिसतात." त्यांचं सारं आयुष्य रेल्वेत गेलं. घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनांवर त्यांची नोकरी. सिग्नलचा एक दिवा दोन दिसू लागला तेव्हा ते निवृत्त झाले होते, हे नशीबच. गंमत अशी की वर्तमानपत्र मात्र त्यांना नीट वाचता यायचं. जवळचं एक, दूरचं दोन. चष्मा दोनदा बदलला आणि त्यात वर्ष गेलं.

शेवटी एमआरआय झाला. कवटीच्या तळाशी, मेंदूच्या खाली कूर्चेची गाठ निघाली. नाव कॉन्ड्रोसार्कोमा. डोळा बाहेरच्या बाजूला वळवणारी सहावी नस तिथूनच जाते, ती दबली होती. मी कविता लिहिणारा, बी.ए. झालेला माणूस. कूर्चा म्हणजे कान, नाक, गुडघे एवढंच मला ठाऊक. डोक्याच्या आत ती कुठून आली?

डॉक्टरांनी समजावलं. आईच्या पोटात असताना आपल्या कवटीचा तळ कूर्चेचाच असतो. पुढे त्याचं हाड होतं, पण हाडांच्या सांध्यांत थोडी कूर्चा उरते. तिच्यातूनच ही गाठ उगवत असावी असं मानतात. कवटीतल्या हजार गाठींत अशा एक-दोनच. ती वाढते सावकाश, पण जागा वाईट. शेजारी मेंदूकडे रक्त नेणारी मोठी धमनी आणि मागे मेंदूचा देठ.

2011 मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. बाहेर आल्यावर डॉक्टर म्हणाले, "धमनीला चिकटलेलं थोडं ठेवलं आहे." माझा पुतण्या भडकला. "एवढा खर्च करून अर्धं काम?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. तो राग मनात ठेवूनच मी या शस्त्रक्रियेचा इतिहास वाचायला बसलो.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ही जागा जवळजवळ हाताबाहेरचीच होती. तिथं पोचायचं तर मेंदू उचलून बाजूला सारावा लागे, आणि सारलेला मेंदू दुखावतो. मग विचार उलटा झाला. मेंदू हलवायचा नाही, वाटेतलं हाड कोरायचं. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी 1961 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली कानाजवळचं हाड कोरून जाण्याची वाट मांडली. झुरिकचे याशारगिल यांनी 1967 पासून मेंदूच्या शस्त्रक्रियेत सूक्ष्मदर्शक रुळवला. लंडनमध्ये 1971 साली पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला आणि गाठ आधीच दिसू लागली. 1990 च्या दशकात नाकातून दुर्बीण घालायची वाट खुली झाली. भाईजानांची गाठ त्याच वाटेनं काढली.

हे वाचताना मला आमचा बोरघाट आठवत होता. 1863 मध्ये तिथून रेल्वे वर आली ती सरळ चढून नव्हे, तर वळसे घेत, 25 बोगद्यांतून. एका ठिकाणी तर गाडीची दिशाच उलटी करावी लागे. ती सोय 1929 पर्यंत होती.

आपल्या देशात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा पहिला विभाग डॉ. जेकब चँडी यांनी 1949 मध्ये वेल्लोरला सुरू केला. मुंबईत डॉ. राम गिंडे आणि डॉ. होमी दस्तूर यांनी 1950 च्या दशकात ही शाखा रुजवली. पुढे केईएममधल्या डॉ. अतुल गोयल यांनी 1995 मध्ये नेमक्या याच गाठींचा त्या मोठ्या धमनीशी कसा संबंध असतो, यावर निबंध लिहिला. ज्या धमनीपाशी आमच्या डॉक्टरांचा हात थांबला, तीच ही धमनी.

हात थांबवायचं बळ मिळालं ते किरणांमुळे. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर आपली बहुतेक शक्ती टाकून थांबतो, पलीकडचं वाचतं. त्याचा उपचारात उपयोग होईल, असं रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्येच सुचवलं होतं. बोस्टनमध्ये कवटीच्या तळाच्या अशा गाठी असलेल्या 200 रुग्णांवर शस्त्रक्रियेनंतर असे किरण दिले गेले. 1999 मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात दहा वर्षांनंतरही या गाठीनं न दगावलेले 99 टक्के होते. आणखी एक गोष्ट त्यात होती. या 200 पैकी 74 जणांचं निदान आधी कॉर्डोमा असं झालं होतं. तो दिसायला सारखा, पण कितीतरी दांडगा आजार. म्हणजे गाठ काढण्याइतकंच तिचं नाव नीट ओळखणंही महत्त्वाचं.

ते वाचून मी पुतण्याला फोन केला. म्हटलं, "बेटा, डॉक्टरांनी अर्धं काम केलेलं नाही. कुठं थांबायचं हे कळायला या लोकांना पन्नास वर्षं लागली आहेत."

तेव्हा प्रोटॉनचं यंत्र देशात नव्हतं. भाईजानांना नेहमीचेच किरण अगदी नेम धरून दिले. पुढे 2019 मध्ये चेन्नईला प्रोटॉन केंद्र सुरू झालं आणि 2023 मध्ये टाटा मेमोरियलच्या खारघरच्या केंद्रात रुग्णांना हा उपचार मिळू लागला. खारघर म्हणजे आमचा घाट उतरून थोडं पुढं. बोस्टन आता तेवढ्या अंतरावर आलं आहे.

ठेवलेला तो तुकडा दरवर्षीच्या एमआरआयमध्ये दिसतो. वाढलेला नाही. सहावी नस पुरती सुधारली नाही, म्हणून भाईजानांच्या चष्म्यात खास भिंग आहे. परवा आम्ही खंडाळ्याला गेलो होतो. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला आणि म्हणाले, "एकच आहे."