पहिला स्वमग्न मुलगा

स्वमग्नता ही आईबापांच्या थंडपणाची फळें होत, आणि अशा मुलांचें पुढें कांहीं होत नाहीं, हे दोन्ही समज गेल्या शतकांत जाणत्या लोकांनींच पसरविले. लिओ कॅनर यांनीं १९४३ च्या निबंधांत अकरा मुलांचें वर्णन केलें. ही अवस्था उपजत दिसते, असें म्हणूनही, खरे मायाळू आईबाप त्यांत थोडेच, असा शेरा त्यांनीं मारला. त्या शेऱ्यावर १९६७ मध्यें ब्रूनो बेटलहाइम यांनीं ग्रंथ उभारला, आणि कित्येक निरपराध माता आरोपी ठरल्या.

आम्हांस नवल वाटतें तें निबंधांतील पहिल्या मुलाचें. मिसिसिपींतील डोनाल्ड ट्रिपलेट यास चार वर्षांच्या आंतच एका संस्थेंत ठेवलें होतें. १९३८ मध्यें आईबापांनीं त्यास परत आणलें. बापानें कॅनर यांस तेहतीस पानी पत्र लिहिलें. थंड बापाची ही रीत नव्हे!

पुढें एका शेतकरी दांपत्यानें त्यास सांभाळलें. तो मक्याच्या ओळी सारखा मोजीत बसे; त्यांनीं छंद न मोडतां हातीं नांगर दिला, आणि नांगरतां नांगरतां ओळी मोजावयास सांगितलें. १९५८ सालीं पदवी घेऊन डोनाल्ड गांवच्या बँकेंत लागले. बँक आजोळची होती, हें खरें. परंतु गॉल्फ खेळणें व एकट्यानें देशोदेशीं हिंडणें हें त्यांचें स्वतःचें. जून २०२३ मध्यें, ८९ व्या वर्षीं, ते वारले. गांवांतील ओळखीच्या माणसांस ते क्रमांक देत, आणि कोणाचा कोणता हें वर्षानुवर्षें विसरत नसत.