टॅरोचा ‘सम्राट’ आणि मेष रास: ही जोडी जमवली कोणी?

आजचा धागा टॅरोच्या पत्त्यांविषयी. भविष्य खरे की खोटे हा वाद येथे नाही. हे पत्ते आणि राशिचक्र एकत्र कधी आले, कोणी आणले आणि त्या राशी आपल्या पंचांगातल्याच आहेत का, एवढेच पाहायचे आहे.

साताऱ्याची किंवा सांगलीची एखादी तरुणी ५ एप्रिलला जन्मलेली आहे असे समजू. मोबाइलवरचा टॅरोवाचक तिला सांगतो: तुझी रास मेष, तुझा पत्ता ‘सम्राट’. घरातल्या पंचांगात मात्र त्या दिवशी सूर्य मीन राशीत असतो. शिवाय पत्रिकेत ‘रास’ म्हणून लिहिलेली असते ती चंद्राची. ती बारांपैकी कोणतीही असू शकते. मग खरे कोण?

आधी पत्त्यांची ओळख. टॅरोच्या संचात ७८ पत्ते असतात. त्यांतील ५६ पत्ते चषक, तलवारी, नाणी आणि दंड अशा चार रंगांचे. उरलेल्या २२ पत्त्यांवर सम्राट, न्याय, चंद्र, सूर्य, मृत्यू अशी चित्रे असतात. चार रंगांची कल्पना इजिप्तच्या मामलूक राजवटीतील पत्त्यांवरून चौदाव्या शतकात युरोपात पोचली. मामलूक पत्त्यांवर दंडाच्या जागी चौगानची काठी असे. बावीस चित्रांची भर पंधराव्या शतकात उत्तर इटलीत पडली. फेरारा या नगरीच्या एस्ते राजघराण्याच्या १४४२ च्या हिशेबात अशा पत्त्यांचा खर्च नोंदलेला आहे. ही नगरी लक्षात ठेवा. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

यांतील बहुतेक चित्रे म्हणजे खेळातले कायमचे हुकूम. त्यांनी हात जिंकायचा, बस्स. पुढची सुमारे तीनशे वर्षे टॅरो हा प्रामुख्याने खेळच होता. फ्रान्समध्ये तो खेळ म्हणून आजही रंगतो.

पत्त्यावर ग्रह काढला म्हणजे तो पत्ता ज्योतिषाचा होतो असे नाही. याचा उत्तम दाखला पाहायला सह्याद्रीचा घाट उतरून सावंतवाडीला जावे लागते. तेथील गोल गंजिफांत १२० पत्त्यांचा दशावतारी संच प्रसिद्ध आहे; त्याबरोबर नवग्रहांचा १०८ पत्त्यांचा आणि बारा राशींचा १४४ पत्त्यांचा संचही आहे. प्रत्येक ग्रहाचे बारा पत्ते, प्रत्येक राशीचे बारा. इतके सगळे ज्योतिष हातात धरूनही गंजिफा हा हात करण्याचाच खेळ राहिला. उलट जत्रेतल्या पोपटवाल्या जोशाच्या पोपटाने उचललेल्या पत्त्यावर देवाचे एखादे चित्र असले, तरी त्यावरून भविष्य सांगितले जाई. पत्त्यावर काय रंगवले आहे यापेक्षा तो कोण, कशासाठी उचलतो हे महत्त्वाचे.

टॅरोच्या बाबतीत हा पालट अठराव्या शतकात झाला. १७८१ मध्ये आंत्वान कूर द जेब्लँ या फ्रेंच विद्वानाने जाहीर केले की टॅरो हा प्राचीन इजिप्तच्या पुरोहितांचा लपवून ठेवलेला ग्रंथ आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, त्यामुळे त्याला खोडून काढणारेही कोणी नव्हते! शाँपोल्यों याने ती लिपी १८२२ मध्ये उलगडली. टॅरोचा ग्रंथ काही तीत सापडला नाही. तोवर ‘एतेया’ या टोपणनावाच्या पॅरिसच्या भविष्यवेत्त्याने खास भविष्यासाठी पत्ते काढून त्यांवर राशीही बसवल्या होत्या.

आज प्रचलित असलेली जोडणी त्याहून उशिराची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एलिफास लेवी याने बावीस पत्ते बावीस हिब्रू अक्षरांशी जोडले. एका जुन्या यहुदी ग्रंथात त्या अक्षरांची ३, ७ आणि १२ अशी वाटणी होतीच. १८८८ मध्ये लंडनला स्थापन झालेल्या ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्येच्या मंडळाने तीवरून तीन तत्त्वे, सात ग्रह आणि बारा राशी पत्त्यांवर ओळीने मांडल्या. राहू-केतूंना अर्थातच जागा नाही. पण एक अडचण आली. आठवा पत्ता तराजूधारी ‘न्याय’, तर अकरावा सिंहाला आवरणारे ‘बळ’. राशींच्या क्रमात मात्र सिंह आधी, तूळ नंतर. मंडळाने सरळ दोन पत्त्यांची अदलाबदल केली. १९०९ मध्ये आर्थर वेट यांनी पामेला कोलमन स्मिथ यांच्याकडून चित्रे काढून घेतली, तेव्हा हाच बदललेला क्रम छापला गेला. गणित जुळावे म्हणून आकडे बदलले, याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

तरीही गोष्ट येथे संपत नाही, आणि मला स्वतःला हाच भाग सर्वांत रोचक वाटतो. त्याच मंडळाने चार रंगांचे दोन ते दहा असे ३६ पत्ते राशिचक्राच्या ३६ भागांना वाटून दिले. प्रत्येक राशीचे दहा-दहा अंशांचे तीन भाग. आपल्या ज्योतिषात यांनाच द्रेष्काण म्हणतात. हा शब्द ग्रीक ‘देकानोस’वरून आलेला, आणि ग्रीकांनी ही कल्पना घेतली ती इजिप्तकडून, तेथे शवपेट्यांच्या झाकणांवर रात्रीचा काळ मोजणारे हे तारकासमूह चार हजार वर्षांपूर्वी रंगवले जात. म्हणजे पत्ते इजिप्तचे नाहीत, पण हे ३६ भाग खरोखरच तेथले!

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहज्जातका’त प्रत्येक द्रेष्काणाचे रूप वर्णिले. मेषेचा पहिला द्रेष्काण म्हणजे कमरेला शुभ्र वस्त्र गुंडाळलेला, लाल डोळ्यांचा, परशू उगारलेला सावळा पुरुष. नवव्या शतकात बगदादच्या अबू माशर याने ही भारतीय रूपे आपल्या ग्रंथात घेतली. इ. स. १४७० च्या सुमारास तोच सावळा पुरुष एका राजवाड्याच्या भिंतीवर रंगवला गेला. हा राजवाडा त्याच फेरारातला. १९१२ मध्ये कला-इतिहासकार आबी वॉरबुर्ग यांनी हा माग उलगडून दाखवला. एकाच नगरीत भिंतीवर द्रेष्काण होता आणि दरबारात टॅरोचे पत्ते. दोघांची गाठ मात्र चार शतकांनी लंडनमध्ये बांधली गेली.

गाठ बांधतानाही फरक राहिलाच. मेषेच्या तीन भागांचे स्वामी आपल्याकडे मंगळ, रवी आणि गुरू. टॅरोत मंगळ, रवी आणि शुक्र.

आता ५ एप्रिलकडे वळू. टॅरोची मेष वसंतसंपातापासून, म्हणजे साधारण २१ मार्चपासून सुरू होते. ही सायन पद्धत. आपली पंचांगे निरयन, ताऱ्यांशी बांधलेली. त्यांच्या हिशेबाने सूर्य मेषेत येतो १४ एप्रिलच्या सुमारास. संपातबिंदू सुमारे ७२ वर्षांत एक अंश मागे सरकतो, त्याची साठलेली ही तफावत आज जवळपास २४ अंशांची आहे. म्हणून दोन्ही उत्तरे आपापल्या मोजणीत बरोबर आहेत. चूक होते ती एकाची मेष दुसऱ्याला चिकटवण्यात.

मेषेचा आरंभ नेमका कोठे, यावर मराठी विद्वान किती गंभीरपणे भांडले याची साक्ष सांगलीच देते. लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने चाललेल्या पंचांगशोधनाच्या चळवळीतील एक ज्योतिष परिषद १९२० मध्ये तेथे भरली होती. टिळक रेवती ताऱ्याच्या बाजूचे, तर व्यंकटेश बापूजी केतकर चित्रा ताऱ्याच्या. दोन्ही पक्षांत सुमारे चार अंशांचे अंतर. पुढे मेघनाद साहा यांच्या समितीने चित्रापक्षाला जवळचे मान स्वीकारले आणि बहुतेक पंचांगे त्याच वाटेने गेली. टिळक पंचांग मात्र अजूनही निघते, आणि अधिकमास वेगळा पडला की ते पाळणाऱ्या घरांतला गणपती बाकीच्यांच्या महिनाभर आधी येतो.