भीमाकाठचे विस्थापन : मोबदला कोणास व कशाचा?

आपल्या भोई ज्ञातीचा इतिहास बखरींतून फारसा आढळत नाही; तो नद्यांच्या काठी विखुरलेला आहे. पालखी-मेणे वाहणे, पावसाळ्यात उतारूंस नावेने पैलतीरी नेणे, डोहांत मासे धरणे आणि उन्हाळ्यात नदीच्या वाळवंटात कलिंगडे-खरबुजांच्या वाड्या लावणे, या चार उद्योगांवर आपल्या वाडवडिलांची गुजराण झाली. पैकी पहिला उद्योग काळाने नेला. उरलेले तीन जिच्या आधारावर उभे होते, त्या भीमामाईचा प्रवाह उजनीच्या भिंतीमागे थांबला. ती हकीकत ज्ञातीतील तरुणांस ठाऊक असावी, एवढ्याच हेतूने आम्ही हे चार शब्द लिहीत आहोत.

माढा तालुक्यातील उजनी येथे १९६६ साली यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली व १९८० साली ते पूर्णत्वास गेले. जलाशयाची एकूण क्षमता सुमारे ११७ अब्ज घनफूट असून त्यातील निम्म्याहून अधिक पाणी मृतसाठ्याचे आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, त्यांस या धरणाची आवश्यकता सांगावयास नको. सोलापूर जिल्ह्यातील ओसाड माळ त्यामुळे हिरवे झाले, हे कोणीही कृतज्ञतेने मान्य करील. परंतु करमाळा, माढा, इंदापूर, दौंड व कर्जत या तालुक्यांतील नदीकाठच्या वस्त्यांनी त्याचे मोल दिले. उन्हाळ्यात पाणी ओसरले म्हणजे पळसदेवचे प्राचीन मंदिर आजही वर येते आणि वृद्ध माणसे तेथे जाऊन हात जोडतात.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. शासनाने मोबदला दिला, तो कोणास व कशाचा? त्या वेळी भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वये होत असे. त्या कायद्याची दृष्टी जमिनीवर होती. ज्याच्या नावे सातबाऱ्याचा उतारा, त्यास जमिनीची किंमत; ज्याचे घर, त्यास घराची. पुढे १९७६ साली महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा स्वतंत्र कायदा केला व पैशाबरोबरच पर्यायी जमीन आणि नवे गावठाण यांचा विचार सुरू झाला. हे पाऊल मोठेच होते. तरीही ज्याचे शेत म्हणजे नदीचा डोह आणि ज्याचे अवजार म्हणजे जाळे व वल्हे, त्याच्या नुकसानीचा आकडा कोणत्या रकान्यात मांडावयाचा? वाळवंटातील वाडी दर पुरात पुसली जाई. तिचा सातबारा कोठून असणार? उतारूंकडून मिळणाऱ्या धान्याची पावती कोणी दिली होती?

जलाशय भरल्यावर मासेमारी संपली नाही, पण तिचे रूप पालटले. वाहत्या उथळ पाण्याची विद्या खोल, स्थिर पाण्यात अपुरी पडली. जाळी व होड्या नव्या घ्याव्या लागल्या. नदीत मासे धरण्यास पूर्वी वहिवाट पुरेशी असे. जलाशयात ठेका अथवा परवाना आला. अशा स्थितीतही आपल्या लोकांनी धीर सोडला नाही. भिगवणच्या बाजारात मासळी जाऊ लागली. कुंभारगावच्या तरुणांनी तर रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांस होडीतून नेण्याचा नवा व्यवसाय उभा केला.

याच भीमेच्या खोऱ्यात, वर आंबेगाव तालुक्यात, माळीण हे महादेव कोळी या आदिवासी बांधवांचे गाव आहे. ३० जुलै २०१४ रोजी डोंगर कोसळून तेथे दीडशेहून अधिक जीव गेले. शासनाची यंत्रणा तातडीने धावली, निधी मिळाला आणि २ एप्रिल २०१७ रोजी आमडे येथे नव्या घरांचे हस्तांतरण झाले. हे योग्यच झाले. मात्र एक भेद ध्यानात येतो. एका सकाळी कोसळलेले संकट सर्वांस दिसते. वर्षानुवर्षे चढत आलेले पाणी संकट म्हणून गणले जात नाही.

आणि त्या पाण्याचा धोका अद्याप सरलेला नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण बुडाले. शोधासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलास पाचारण करावे लागले. पुनर्वसनात घरे मिळाली. तुटलेली वाट मात्र होडीच्याच भरवशावर राहिली होती.

तथापि एक गोष्ट समाधानाची आहे. २०१३ साली संसदेने नवा भूसंपादन व पुनर्वसन कायदा केला व तो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. ज्या कुटुंबांची उपजीविका संपादनापूर्वी तीन वर्षे पाण्यावर चालत होती, त्यांसही त्यात बाधित मानले असून मच्छीमार व नावाडी यांचा स्पष्ट उल्लेख आहे. जलाशयातील मासेमारीचा हक्क बाधितांस देता येईल, अशीही तरतूद आहे. उजनी भरल्यानंतर चौतीस वर्षांनी आपला धंदा कायद्याच्या पानावर उमटला!

हा कायदा मागील काळास लागू पडत नाही, हे खरे. परंतु त्यातून बोध घ्यावयाचा तो हा की, जे कागदावर नाही ते शासनाच्या तिजोरीस दिसत नाही. यास्तव ज्ञातिबांधवांस आमची नम्र विनंती आहे. घरातील जुन्या नोटिसा, निवाड्यांच्या नकला, मासेमारीचे परवाने व सोसायटीच्या पावत्या जपून ठेवाव्यात. बुडालेल्या गावठाणात कोणाचे घर कोठे होते व कोणत्या डोहावर कोणाची वहिवाट होती, हे वृद्धांकडून लिहून घ्यावे. होडीत पाऊल ठेवण्यापूर्वी प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट घालावे. नदीने आपणांस पोसले. तिच्या काठचा आपला हिशेब लिहून ठेवणे हे आता आपल्याच हाती आहे.