मंद भरतीचे बंदर

दक्षिण कोरियाच्या आग्नेय किनाऱ्यावरील उल्सान नगराचा इतिहास ३ फेब्रुवारी १९६२ रोजी सुरू झाला, अशी एक सोयीस्कर समजूत दीर्घकाळ रूढ आहे. लष्करी राजवटीचे प्रमुख पार्क चुंग-ही यांनी त्या दिवशी तेथील एका खेड्यात औद्योगिक वसाहतीची पहिली कुदळ मारली, धुराड्यांतून निघणारा काळा धूर हेच राष्ट्राच्या उत्कर्षाचे चिन्ह ठरेल अशा आशयाचे भाषण केले, आणि मासेमारांच्या एका निद्रिस्त गावाचे पाहता पाहता महानगर झाले, असे ही कथा सांगते. आपल्या कर्तृत्वाचा आरंभ शून्यापासून झालेला दाखविणे राज्यकर्त्यांना नेहमीच आवडते. उल्सानच्या बाबतीत मात्र असे शून्य कोठे सापडत नाही.

प्रथम किनारा पाहावा. कोरियन द्वीपकल्पाची पश्चिम बाजू उथळ पीत समुद्राला लागून असून इंचॉनसारख्या बंदरात भरती-ओहोटीतील अंतर नऊ मीटरांच्या घरात जाते. दिवसातून दोनदा तेथे अफाट चिखल उघडा पडतो, आणि मोठी जहाजे धक्क्याला लावावयाची तर गोदीला दरवाजे बसवून पाणी कोंडून धरावे लागते. पूर्वेकडे ही विवंचना नाही. उल्सानच्या आखातात पाण्याची चढउतार अर्ध्या मीटरच्या आसपास असते, काठालगतच समुद्र खोल होतो, आणि पश्चिमेच्या डोंगररांगेत उगम पावणारी तेहवा नदी सुमारे ४७ किलोमीटर वाहत येऊन याच आखाताला मिळते. मंद भरतीचा खोल दर्या, गोडे पाणी आणि सपाट जमीन या तिहींचा संगम त्या डोंगराळ देशात दुर्मीळ असल्यामुळे, ज्या ज्या काळी कोणाला जड माल चढवावयाचा वा उतरवावयाचा होता, त्या त्या काळी त्याची दृष्टी या आखाताकडे वळल्यावाचून राहिली नाही.

सिल्ला राज्याची राजधानी ग्योंगजू येथून जवळच असल्याने तिचा सागरी व्यवहार या बाजूने चाले. नवव्या शतकात राजा हॉनगांग येथील किनाऱ्यावर आला असता पूर्वसागराच्या नागराजाचा पुत्र छॉयोंग त्याच्याबरोबर राजधानीस गेला, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. हा नागपुत्र म्हणजे दूर पश्चिमेकडून आलेला कोणी व्यापारी असावा, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्काला पुरावा नाही, पण बंदराच्या गावी अशा तर्काला जागा मिळते, हेही खरेच. पुढे जोसॉन राजवटीने जपानी व्यापाऱ्यांना तीन बंदरे मोकळी करून दिली, त्यांतील यॉम्पो हे उल्सानचेच. १४२६ साली मिळालेली ती परवानगी १५१० मध्ये तेथल्या जपानी रहिवाशांनी बंड केल्यावर संपुष्टात आली. त्यानंतर जपानी आले ते फौज घेऊन, आणि १५९७च्या अखेरीस काटो कियोमासा या सेनापतीला उल्सानच्या अर्धवट बांधलेल्या किल्ल्यात चिनी आणि कोरियन सैन्याने असा वेढा दिला की आतील शिबंदी उपासमारीने आणि थंडीने मरणपंथाला लागली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या दर्याला वेगळेच गिऱ्हाईक भेटले. १८९९ मध्ये कोरियाच्या दरबाराने एका रशियन सरदाराला देवमाशांच्या शिकारीसाठी किनाऱ्यावरील काही जागा इजाऱ्याने दिल्या. त्यांत उल्सानच्या आखाताच्या मुखाशी असलेले जांगसेंगपो होते. रशिया जपानविरुद्धच्या युद्धात हरला आणि हा धंदा जपान्यांच्या ताब्यात गेला. १९१२ साली रॉय चॅपमन अँड्र्यूज हा अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ मुद्दाम येथे आला, कारण जो करडा देवमासा नामशेष झाला असे समजले जात होते तोच येथल्या धक्क्यावर कापला जात असावा, असा त्याला संशय होता. तो संशय खरा ठरला. त्या जातीचा पुढे जवळजवळ निःपात झाला, आणि गंमत अशी की ज्या १९६२ साली काळ्या धुराचे स्वागत झाले त्याच वर्षाच्या डिसेंबरात उल्सानचा किनारा करड्या देवमाशांच्या आगमनाचे स्थान म्हणून नैसर्गिक स्मारक ठरविण्यात आला. धंदा मात्र इतर जातींवर १९८६च्या आंतरराष्ट्रीय बंदीपर्यंत चालू राहिला.

१९६२चा निर्णयही आभाळातून पडला नव्हता. जपानी अमलाच्या शेवटच्या वर्षांतच एका जपानी उद्योजकाने येथे बंदर आणि नगर वसविण्याची योजना आखली होती, तेलशुद्धीचा कारखानाही उभा राहू लागला होता, आणि १९४५च्या पराभवाने ते सारे अर्धवट राहिले. पार्क यांच्या राजवटीने लाच आणि वशिल्याने गबर झालेल्या धनिकांना प्रथम कैदेत टाकले आणि मग दंडाऐवजी कारखाने उभारावेत असा मार्ग दाखविला. त्या धनिकांनी जागा शोधली तेव्हा त्यांना ती जुनीच जागा सापडली. १९६४ मध्ये दिवसाला ३५ हजार पिंपे तेल शुद्ध करणारा कारखाना सुरू झाला. १९६८ मध्ये ह्युंदाईने परकीय मोटारींची जुळणी सुरू केली, आणि १९७५ मध्ये ‘पोनी’ ही स्वतःची गाडी काढली.

जहाजबांधणीची कहाणी मात्र थोडी थांबून सांगण्याजोगी आहे. उल्सानच्याच मिपो किनाऱ्यावर तेव्हा वाळूखेरीज काही नव्हते. ह्युंदाईचे संस्थापक चुंग जू-युंग यांनी इंग्लंडातील सल्लागाराला पाचशे वोनच्या नोटेवरील सोळाव्या शतकातील कासव-जहाजाचे चित्र दाखवून आपला देश जहाजे बांधण्यात तुमच्या आधीचा आहे असे पटविले, अशी कथा ते स्वतः सांगत. ती अतिशयोक्त असेलही, पण त्यानंतरची गोष्ट कागदोपत्री आहे. ग्रीक जहाजमालक लिव्हानोस यांनी दोन लाख साठ हजार टनी दोन तेलवाहू जहाजे मागविली, मार्च १९७२ मध्ये गोदीची कोनशिला बसली, आणि गोदी व जहाज ही एकाच वेळी बांधली जाऊन जून १९७४ मध्ये दोहोंचा समारंभ एकत्रच झाला.

ज्यांनी हे बांधले त्या कामगारांचा आवाज बाहेर पडावयास १९८७चा जुलै उजाडला. त्या उन्हाळ्यात ह्युंदाईच्या एका कारखान्यात संघटना स्थापन झाली आणि तेथून उठलेली संपांची लाट साऱ्या देशभर पसरली. उल्सानच्या रस्त्यांवर कामगारांनी मालवाहू अवजड गाड्या आघाडीवर घालून मोर्चे काढले. उद्योगाची झळ आसपासच्या रहिवाशांनाही बसली. शेजारच्या ओन्सानमध्ये तांबे आणि जस्त वितळविणाऱ्या कारखान्यांच्या परिसरातील रहिवाशांना १९८५च्या सुमारास सांधेदुखीने असे पछाडले की त्या विकाराला गावाचेच नाव पडले. सरकारने प्रदूषणाचा दोष मान्य केला नाही, पण रहिवाशांना मात्र तेथून हलविले. १९९७ मध्ये दहा लाखांवर वस्तीच्या या शहराला महानगराचा दर्जा मिळाला. तेहवेचे पाणी पुढे शुद्ध झाले आणि तिच्या काठचे बांबूचे बन २०१९ पासून राष्ट्रीय बगीचा झाले आहे, हे श्रेय महानगराच्या प्रशासनाला दिले पाहिजे.

कारखान्यांना पाणी हवे म्हणून १९६५ मध्ये तेहवेच्या एका उपनदीवर सायॉन धरण बांधले गेले, आणि सहा वर्षांनी, १९७१च्या डिसेंबरात, धरणाच्या फुगवट्यात येणाऱ्या बांगूदे येथील कातळावर संशोधकांना हजारो वर्षांपूर्वीची सुमारे तीनशे चित्रे आढळली. त्यांत देवमासे आहेत, त्यांचा पाठलाग करणाऱ्या नावा आहेत, आणि एका देवमाशाच्या पोटात रुतलेला भालाही आहे. उल्सानचा व्यवसाय किती जुना आहे याचा हा दाखला पावसाळ्यात पाण्याखाली जातो. पातळी उतरवावी तर शहराच्या पिण्याच्या पाण्यात तूट येते आणि शेजारच्या जिल्ह्यांकडून पाणी मागावे लागते, यावरून तंटा अनेक वर्षे चालला. जुलै २०२५ मध्ये हा कातळ जागतिक वारशाच्या यादीत दाखल झाला, आणि त्याच महिन्याच्या मुसळधार पावसात तो पुन्हा बुडाला.