बर्फाखालचे ज्वालामुखी आणि आखातातील विमानतळ

संयुक्त अरब अमिरातीच्या भूमीवर जागृत ज्वालामुखी नाही आणि हिमनदीही नाही. तरीही एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधील एयाफ्यालायोकुल या हिमाच्छादित ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि युरोपकडे निघालेले हजारो प्रवासी दुबईत अडकून पडले. त्या दिवसांत दररोज सुमारे १ कोटी डॉलरचे नुकसान होत असल्याचे एमिरेट्सने जाहीर केले. युरोपातील सुमारे १ लाख उड्डाणे रद्द झाली आणि जगभरातील विमान कंपन्यांचे सुमारे १.७ अब्ज डॉलरचे उत्पन्न बुडाले. पूर्व आणि पश्चिम यांना जोडणाऱ्या उड्डाणांवर ज्या देशाची भिस्त आहे, त्याला दूरच्या बर्फाखालील हालचालींची दखल घ्यावीच लागते.

बर्फ आणि शिलारस

हिमाच्छादित ज्वालामुखी दुहेरी संकट निर्माण करतो. सुमारे १,००० अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक तापमानाचा शिलारस बर्फाला भिडला की बर्फाचे झपाट्याने पाणी होते. या पाण्याच्या संपर्काने शिलारस अचानक थंडावून फुटतो आणि त्याची अतिशय बारीक, काचेसारखी राख होते. वितळलेले पाणी बर्फाच्या तळाशी साचते आणि पुरेसा दाब निर्माण झाला की हिमनदीच्या कडेखालून बाहेर उसळते. अशा पुराला आइसलँडच्या भाषेत ‘योकुलहलॉइप’ म्हणतात आणि जगभरच्या शास्त्रज्ञांनी हाच शब्द स्वीकारला आहे.

या पुराचे आकारमान कल्पनेपलीकडचे असते. ३० सप्टेंबर १९९६ रोजी आइसलँडच्या वात्नायोकुल या विशाल हिमटोपाखाली उद्रेक सुरू झाला. वितळलेले पाणी पाच आठवडे ग्रिम्सवोत्न ज्वालामुखीच्या विवरातील सरोवरात साचत राहिले आणि ५ नोव्हेंबरला ते फुटून बाहेर पडले. पुराचा वेग सेकंदाला सुमारे ४५,००० घनमीटरवर पोहोचला. महाराष्ट्रात धरणाचा विसर्ग ज्या मापात सांगितला जातो, त्या मापात हा आकडा सुमारे १६ लाख क्युसेक होतो. पुराने महामार्गावरील एक पूल वाहून नेला आणि दुसऱ्याची मोठी हानी केली. मात्र एकही जीव गेला नाही. पूर येणार हे ठाऊक असल्याने रस्ता आधीच बंद केलेला होता.

चाहूल कशी लागते

बर्फाखालचे विवर डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे निरीक्षणाची सारी मदार अप्रत्यक्ष खुणांवर असते. आइसलँडचे हवामान खाते ज्वालामुखी, भूकंप आणि पूर या तिन्हींवर एकाच छताखाली लक्ष ठेवते, ही तेथील व्यवस्थेची मोठी जमेची बाजू आहे.

पहिली खूण भूकंपांची. वर सरकणारा शिलारस खडक फोडतो आणि भूकंपमापकांवर लहान लहान धक्क्यांची मालिका उमटते. दुसरी खूण जमिनीच्या फुगण्याची. जीपीएस केंद्रे आणि उपग्रहांवरील रडार काही मिलिमीटर ते सेंटिमीटरचा फरकही टिपतात. तिसरी खूण नद्यांच्या पाण्यात सापडते. भूगर्भातील उष्णतेने तापलेल्या पाण्यात क्षार अधिक विरघळलेले असतात. असे पाणी नदीत मिसळू लागले की तिची विद्युतवाहकता वाढते आणि पातळी फारशी चढण्यापूर्वीच धोक्याची सूचना मिळू शकते. ग्रिम्सवोत्नच्या सरोवरावर तरंगणाऱ्या बर्फावरही जीपीएस उपकरण बसवलेले आहे. हा बर्फ खचू लागला की खालचे पाणी निसटू लागल्याचे समजते.

पूर हा उद्रेकाचा केवळ परिणाम असतो असे नाही. सरोवर रिकामे झाल्याने खालच्या शिलारसावरील भार हलका होतो आणि पूरच उद्रेकाला निमित्त ठरतो. नोव्हेंबर २००४ मध्ये ग्रिम्सवोत्न येथे हेच घडले.

२०१० मध्येही एयाफ्यालायोकुलने अनेक आठवडे आधी संकेत दिले होते. १३ एप्रिलच्या रात्री धक्के वाढताच पायथ्याच्या सुमारे ८०० रहिवाशांना हलवण्यात आले. मार्कारफ्लियोत नदीवरील पूल वाचावा म्हणून महामार्ग मुद्दाम खोदून पुराला वाट करून देण्यात आली.

उपकरणापासून वैमानिकापर्यंत

पूर खोऱ्यापुरता मर्यादित राहतो. राख मात्र सीमा ओलांडते. विमानातील हवामान रडारवर ती दिसत नाही. जेट इंजिनच्या गाभ्यात ती वितळते आणि पात्यांवर काचेचा थर धरते. १५ डिसेंबर १९८९ रोजी अलास्कातील रिडाउट या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या केएलएमच्या विमानाची चारही इंजिने बंद पडली. ते चार किलोमीटरहून अधिक खाली आल्यावर इंजिने पुन्हा सुरू झाली आणि प्रवासी बचावले.

अशा अनुभवांनंतर आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने ज्वालामुखी राखेविषयी सल्ला देणारी नऊ केंद्रे उभारली. आइसलँडची जबाबदारी लंडनच्या केंद्राकडे, तर आफ्रिका आणि आखाती प्रदेशाची फ्रान्समधील तुलूझच्या केंद्राकडे आहे. ज्वालामुखीची स्थिती चार रंगांनी कळवली जाते: हिरवा म्हणजे शांत, पिवळा म्हणजे अस्वस्थतेची लक्षणे, नारिंगी म्हणजे उद्रेकाची वाढलेली शक्यता किंवा अल्प राखेचा उद्रेक, आणि लाल म्हणजे मोठ्या राखेचा उद्रेक सुरू किंवा लवकरच अपेक्षित.

२०१० पूर्वी राख दिसली की उड्डाण नाही, असा सरसकट दंडक होता. त्या एप्रिलमध्ये राखेच्या घनतेची मर्यादा, आरंभी घनमीटरला २ मिलिग्रॅम, मान्य झाली आणि युरोपचे आकाश पुन्हा खुले झाले.

इशारा वेळेत पोहोचला नाही तर

मोजमाप असले म्हणजे जीव वाचतातच असे नाही. १३ नोव्हेंबर १९८५ रोजी कोलंबियातील नेवादो देल रुईस या ज्वालामुखीच्या तुलनेने लहान उद्रेकाने शिखरावरील बर्फाचा थोडाच भाग वितळवला. पाणी आणि चिखलाच्या लोंढ्याला आर्मेरो गावापर्यंत पोहोचण्यास सुमारे अडीच तास लागले. धोक्याचा नकाशा महिनाभर आधीच तयार होता आणि त्यात आर्मेरोचा समावेश होता. तरीही गाव वेळेत रिकामे झाले नाही. या दुर्घटनेत सुमारे २३,००० लोक मृत्युमुखी पडले.

उपकरणे तोकडी असतात तेव्हा

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी आखाताला याची दुसरी बाजू दिसली. इथिओपियाच्या अफार प्रदेशातील हायली गुब्बी या ज्वालामुखीवर बर्फ नाही आणि त्याच्या पूर्वीच्या उद्रेकाची इतिहासात नोंदही नव्हती. त्याची राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली आणि तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमान व पुढे भारतापर्यंत आली. अकासा एअरने जेद्दा, कुवेत आणि अबू धाबीची उड्डाणे रद्द केली. एअर इंडियानेही काही उड्डाणे रद्द करून विमानांची तपासणी केली.

आइसलँडमध्ये प्रत्येक मोठ्या हिमाच्छादित ज्वालामुखीभोवती उपकरणांचे जाळे आहे. कात्लाचा शेवटचा मोठा उद्रेक १९१८ मध्ये झाला, तरी त्याच्यावर आजही अहोरात्र लक्ष असते. हायली गुब्बीभोवती असे दाट जाळे नव्हते. तेथील राखेचा माग उपग्रहांनी काढला, पण उद्रेक झाल्यानंतर. दुबई किंवा मुंबईतील वैमानिकाला मिळणारा अवधी विमानतळावरील यंत्रणेपेक्षा दूरच्या डोंगरावर भूकंपमापक आहे की नाही, यावर अधिक अवलंबून असतो.