पालखीखालचे पाय

दिवाळीच्या फराळापुढे जळवांची गोष्ट काढणे रसिकतेचे नव्हे, हे मला ठाऊक आहे. पण पन्हाळ्याच्या इतिहासाचे एक पान मला जळवेनेच वाचून दाखविले. तिचे ऋण फेडणे भाग आहे.

सिद्दी जौहरने १६६० च्या मार्चमध्ये पन्हाळ्याला वेढा घातला. १२ जुलैच्या रात्री, भर पावसात, शिवाजीमहाराज पालखीतून निसटले. सोबत बाजीप्रभू आणि बांदलांचे मावळे. महाराजांचा वेष घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेल्या शिवा काशीदाने मरण पत्करले. पुढे घोडखिंडीत बाजींनी देह ठेवला आणि खिंड पावन झाली. ही कथा आपण सारे तलवारीच्या अंगाने ऐकत आलो.

एका आषाढात मी त्या वाटेला लागलो. मसाईचे पठार ओलांडून भातखाचरांत उतरलो. पाणी पोटरीएवढे, खाली चिखल. पायाजवळून एक विरोळा सळसळत गेला; तो बिनविषारी, हे माहीत असूनही अंगावर काटा आला. पुढे ओढा ओलांडताना पोटरीवर काळी जळू दिसली. मी ती ओरबाडायला वाकलो, तोल गेला आणि धारेने मला ओढले. बांधावरच्या एका म्हाताऱ्याने धावत येऊन बखोट धरले.

“पावणं, जळू रगात पिती, जीव न्हाई घेत. जीव घेतंय त्ये पाणी. आधी कडंला यायचं, मग जळू बघायची.”

नख हळूच तिच्या तोंडाखाली सरकवून त्याने ती सोडविली. रक्त मात्र बराच वेळ थांबेना. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे द्रव्य असते, हे शास्त्रज्ञांना १८८४ साली उमगले. आपल्या सुश्रुताने तर कितीतरी आधी जळवांच्या बारा जाती सांगितल्या, सहा विषारी व सहा निर्विष, आणि निर्विष जळवा उपचाराला लावल्या.

बांधावर रक्त पुसता पुसता मनात आले, त्या रात्री अशाच चिखलातून पालखीचे भोई धावले असतील. खांद्यावर दांडा, मागे शत्रू. दिवा लावायची सोय नाही, थांबून पोटरी पाहायला सवड नाही. पाय कुठे पडतो हे न पाहता ते पडतच राहिले, म्हणून खिंड गाठता आली.

आता पन्हाळ्यावर बाजींच्या पुतळ्यापुढे उभा राहिलो, की माझी नजर आधी पायांकडे जाते.