पट्ट्यांवरून ओळखलेला वाघ

पहाटे ताडोब्याच्या मोहर्ली गेटवर जिप्सींची रांग लागते. त्यातल्या बहुतेकांना वाघाचा समोरून फोटो हवा असतो, थेट नजरेला नजर भिडवणारा. मला हवा असतो तो बाजूने घेतलेला, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतचे पट्टे स्वच्छ दाखवणारा. भिंतीवर टांगायला तो फारसा देखणा नसेल, पण आपल्या जंगलांच्या इतिहासात वाघाला खरी ओळख मिळवून दिली ती अशाच फोटोंनी.

शंभर वर्षांपूर्वी वाघाचा फोटो म्हणजे बहुधा मेलेल्या वाघाचा फोटो. शेजारी बंदूक घेतलेला साहेब, मागे उभे हाकेवाले. त्या काळात संयुक्त प्रांताच्या वनखात्यातल्या एफ. डब्ल्यू. चॅम्पियन या अधिकाऱ्याने बंदुकीऐवजी कॅमेरा निवडला. शिवालिकच्या जंगलात वाघाची रोजची वाट हेरून तो तिच्यावर आडवी तार ताणायचा. तारेला पाय लागला की शटर उघडायचं आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा लखलखाट व्हायचा. कॅमेऱ्यात काच एकच. वाघाआधी साळिंदर येऊन गेलं, की ती रात्र साळिंदराची. अशा चिकाटीतून मिळालेली जिवंत, मोकळ्या वाघांची छायाचित्रं ऑक्टोबर १९२५मध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ने छापली. १९२७मध्ये त्याचं ‘विथ अ कॅमेरा इन टायगरलँड’ हे पुस्तक आलं.

हे फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहताना चॅम्पियनला दिसलं, की दोन वाघांचे पट्टे कधीच सारखे नसतात. मला हा शोध त्याच्या छायाचित्रांहूनही मोठा वाटतो. तोवर वाघ ही नुसती एक जात होती. आता अमुक एक वाघ असं बोट ठेवून सांगता येणार होतं.

मात्र सरकारी मोजणीत हे ज्ञान यायला फार वर्षं गेली. १९७२च्या देशव्यापी गणनेत वाघ मोजले ते पाऊलखुणांवरून, आणि आकडा आला १८२७. पुढच्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. वनरक्षक आणि वनमजूर उन्हातान्हात मैलोनमैल चालायचे, मागच्या पायाचा ठसा काचेवर रेखून घ्यायचे, प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा काढायचे. त्या माणसांच्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे. पण एकाच वाघाचा ठसा ओल्या मातीत एक उमटतो, कोरड्या फुफाट्यात दुसराच. चाल बदलली, उतार लागला, तरी तो बदलतो. मोजणीतली उणीव माणसांची नव्हती, पद्धतीची होती.

१९९०च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्हास कारंत यांनी पट्ट्यांची ओळख शास्त्रशुद्ध मोजणीला जोडली. वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर कॅमेरे लावायचे, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही वेगळे असतात. तोच वाघ किती वेळा परत टिपला जातो, यावरून एकूण संख्येचा अंदाज बांधायचा. तरीही देशाला जाग आली ती २००५मध्ये, सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं तेव्हा. त्यानंतर राष्ट्रीय गणनेची पद्धत बदलली आणि २००६च्या गणनेने १४११ हा आकडा समोर ठेवला. २०१८च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले. साडेतीन कोटींच्या आसपास छायाचित्रं निघाली, त्यांतली ७६,६५१ वाघांची. पट्टे जुळवून २४६१ वाघ वेगवेगळे ओळखता आले.

या ओळखीचं मोल ताडोब्याने अनुभवलं आहे. इथली माया वाघीण वनखात्याच्या नोंदीत टी-१२ होती, आणि गाइडपासून पर्यटकांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. ऑगस्ट २०२३नंतर ती दिसेनाशी झाली, तेव्हा गावोगावी विचारणा सुरू झाली. शोध घेतला गेला, अवशेष सापडले आणि डीएनए तपासणीत ते तिचेच ठरले. सरिस्कातले वाघ गेले तेव्हा कोण गेलं, कधी गेलं, हे वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं. मायाच्या बाबतीत एकेक दिवस मोजला गेला.

म्हणून जंगलात येणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. जिप्सी पुढे दामटायला सांगू नका, वाघाला वाट सोडा. तो आडवा जाईल तेव्हा त्याची पूर्ण कूस टिपा. तारीख, वेळ, पाणवठ्याचं किंवा रस्त्याचं नाव लिहून ठेवा आणि फोटो वनखात्याला द्या. ज्याचे पट्टे कुणीतरी नोंदवून ठेवले आहेत, तो वाघ गुपचूप नाहीसा करणं अवघड असतं.